स्टिक घेताना

लेकराला हॉकीची स्टिक घ्यायची म्हटलं की पालक आधी किंमत विचारतात, मग कंपनी. पोराची उंची कोणी सांगत नाही. नांदेडला आणि लातूरला पोरं खेळवताना डोक्यात पक्कं बसलं ते हे.

१. वाढत्या अंगाची स्टिक घेऊ नये. शाळेचा गणवेश तसा घेतो ते ठीक, बाही दुमडता येते. स्टिक लांब झाली की पोरगं वाकायचंच सोडतं, ताठ उभं राहून खेळतं आणि स्टिकचं वरचं टोक पोटात खुपतं. बूट घालून सरळ उभं करा, स्टिक पायाशेजारी टेकवा. वरचं टोक कमरेच्या हाडापाशी आलं पाहिजे. पाच फुटांच्या आसपासच्या मुलाला ३४-३५ इंची पुरते; मोठ्यांची साडेछत्तीस इंची अजून थोडी उंची झाल्यावर.

२. वजन हातात घेऊन बघावं, वेष्टनावर वाचून नव्हे. नियमात ७३७ ग्रॅमपर्यंत मुभा आहे, पण आजच्या बऱ्याच स्टिक साडेपाचशेच्या आगेमागे असतात. फक्त डाव्या हातात, मुठीच्या टोकाला धरून हात समोर आडवा करायला सांगा. दहापर्यंत मोजायच्या आत मनगट थरथरलं तर परत ठेवा. डाव्याच हातात का? कारण हॉकीत स्टिक फिरवतो तो डावा हात.

३. डावखुऱ्याची वेगळी स्टिक नसते. चेंडू खेळायची सपाट बाजू डावीकडेच असते, सगळ्यांना तीच. ‘मागवून देतो’ म्हणणारा दुकानदार भेटला तर पुढच्या दुकानात जावं.

४. आता डोकं, म्हणजे चेंडूला लागणारं खालचं वळण. यावरच पोरं सगळ्यात जास्त भांडतात. जुन्या इंग्लिश स्टिकचं डोकं लांबट असायचं. आपल्याकडच्या कारागिरांनी तुतीचं लाकूड वाकवून ते आखूड केलं आणि चेंडू झटपट उलटसुलट फिरवणं सोपं झालं. आज शॉर्टी, मिडी, मॅक्सी, हुक असे प्रकार मिळतात. शॉर्टी पटकन वळते, पण चेंडू अडवायला जागा कमी. हुक अडवायला बरी, उलट्या बाजूने खेळायला जड जाते. नवशिक्याला मिडी द्यावी आणि वाद मिटवावा. गोल्फवाले ‘ड्रायव्हर’ या लांब फटक्याच्या काठीचं डोकं फुगवत ४६० घनसेंटिमीटरपर्यंत गेले, तिथे नियमाने थांबवलं. हॉकीत तेवढी चैनच नाही: अख्खी स्टिक ५१ मिलिमीटरच्या कड्यातून पार व्हावी लागते. दांड्याच्या बाकाला २५ मिलिमीटरची मर्यादा. खाली बाक असलेली स्टिक ड्रॅगफ्लिकवाल्यांसाठी, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन गोलवर फेकणाऱ्यांसाठी असते. बारा वर्षांच्या पोराच्या हातात तिच्यामुळे साधी हिटसुद्धा उडते. पण टीव्हीवर बघितलेली असते ना!

५. मैदान बघून खर्च करावा. नांदेडला गुरू गोविंदसिंघजी गोल्ड अँड सिल्व्हर कप स्पर्धेला बाहेरून तगडे संघ येतात. त्यांच्या हातातली चकचकीत कार्बनची स्टिक बघून दुसऱ्या दिवशी घरोघर हट्ट सुरू होतो. ती टर्फवर शोभते. आपल्या मुरमाड मैदानावर तिचं डोकं खालून घासून पांढरं पडतं. शिवाय कार्बन जितकं जास्त तितकी स्टिक कडक. शिकाऊ पोराच्या स्टिकवरून चेंडू टणकन उडून जातो. लाकडी किंवा फायबरग्लासची घ्यावी, डोक्याला टेप मारावी, आणि उरलेल्या पैशात शिनगार्ड आणि माउथगार्ड. ही दोन्ही नसतील तर मी पोराला आत घेत नाही.

६. थोरल्याची स्टिक वरून कापून धाकट्याला देऊ नये. लांबी घटते, पण डोकं मोठ्याचंच राहतं आणि सगळा भार खाली जातो. यावर पालक हमखास खडकीच्या धनराज पिल्लेचं नाव काढतात, तो लहानपणी मोडक्या स्टिकने खेळला म्हणून. खेळला, खरंय, चार ऑलिम्पिकही खेळला. पण त्याच्या घरात दुसरी स्टिक घ्यायची ऐपत नव्हती. तुमची गाडी बाहेर उभी आहे.