न्येरेरे हें नांव इंग्रजींत कसें उच्चारावें?

इंग्रजी वाचनाच्या तासास आफ्रिकेंतील पुढाऱ्यांविषयींचा एक उतारा चालू होता. ज्यूलियस न्येरेरे यांचें नांव येतांच मागील बाकावरील एका विद्यार्थ्यानें तें सरळ 'न्येरेरे' असें वाचलें. आम्हीं त्यास थांबविलें, 'नायरेरी' म्हणावयास लाविलें, आणि त्यानें वहींत देवनागरींत टिपलेला उच्चार लाल शाईनें खोडून दिला. पुढें चौकशी करितां कळून आलें कीं, चूक त्याची नव्हती, आमची होती.

ही चूक कोठून येते हें पाहण्यासारखें आहे. नांवाच्या अखेरचीं ई, आर, ई हीं तीन अक्षरें इंग्रजींत 'येथें', 'तेथें' आणि 'होते' या अर्थांच्या तीन शब्दांत तीन निरनिराळ्या तऱ्हांनीं उच्चारलीं जातात. अशा लेखनाची संवय जडलेला वाचक प्रत्येक परके नांव अंदाजानेंच वाचतो. स्वाहिली भाषेंत असा अंदाज करण्याचें कारण नाहीं. पूर्वीं ती अरबी लिपींत लिहीत. एकोणिसाव्या शतकांत मिशनरी व्याकरणकारांनीं तिजसाठीं रोमन अक्षरें योजिलीं. बिशप एडवर्ड स्टीअर यांचें पुस्तक १८७० सालचें आहे. या लेखनांत स्वराच्या एका अक्षरास एकच ध्वनि. म्हणून न्ये-रे-रे अशीं तीनच अक्षरें होतात. आरंभीचा ध्वनि 'न्याय' शब्दांतला. त्यांत 'नि' किंवा 'नाय' घुसडूं नये. जोर मधल्या 'रे'वर द्यावा, कारण स्वाहिलींत आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो. इंग्रजांच्या जिभेस शब्दाअखेरचा शुद्ध एकार जड जातो, म्हणून ते तेथें पुष्कळदां 'री' करितात; तो त्यांचा दोष म्हणतां येत नाहीं. परंतु ज्यांच्या तोंडीं 'अरे' आणि 'कारे' रोजचे आहेत, त्यांनीं ही अडचण उसनी कां घ्यावी?

देवनागरी सर्वत्रच अशी उपयोगीं पडते असें मात्र नाहीं. घानाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचें नांव आपण 'एन्क्रूमा' लिहितों. तेथें आरंभीं 'ए' मुळींच नाहीं. 'गंगा' शब्दांतील अनुस्वारासारखा नाकांतला ध्वनि आहे, आणि तोच स्वतंत्र अक्षर होऊन बसला आहे. तो ऐकूनच शिकावा लागतो.

आतां आडनांवाविषयीं. न्येरेरे हें वास्तविक घराण्याचें नांव नव्हे. तें वडिलांचें स्वतःचें नांव. ते झनाकी जमातीचे एक प्रमुख होते, व त्यांच्या जन्माच्या वेळीं अळ्यांचा उपद्रव झाल्यामुळें त्यांस तें नांव पडलें असें सांगतात. मुलाचा जन्म १९२२ सालचा. त्याचें नांव कांबारागे, हें पावसाच्या एका देवतेवरून ठेविलेलें. 'ज्यूलियस' हें १९४३ सालीं बाप्तिस्म्याच्या वेळीं घेतलें. आपल्याकडे स्वतःच्या नांवापुढें बापाचें नांव लावितात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, त्यापुढें तिसरें नांव नसल्यानें इंग्रजी कागदोपत्रीं बापाचें नांव तेंच आडनांव ठरलें. त्यांनीं स्वतः तें तसेंच वापरलें. म्हणून इंग्रजी निबंधांत 'मिस्टर ज्यूलियस' असें लिहूं नये. आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत तें वारंवार आढळतें. प्रथम पूर्ण नांव द्यावें, नंतर नुसतें 'न्येरेरे'. १९६२ पासून १९८५ पर्यंतच्या गोष्टींसंबंधानें 'प्रेसिडेंट न्येरेरे' म्हटलेलें शोभतें. भारत सरकारचा गांधी शांति पुरस्कार १९९५ सालीं प्रथम त्यांसच मिळाला.

टांझानियांतील लोक मात्र त्यांस 'म्वालिमू', म्हणजे गुरुजी, म्हणत, आणि १९९९ सालीं ते निवर्तल्यावरही म्हणतात. राजकारणांत पडण्यापूर्वीं ते खरोखरच शाळामास्तर होते; शेक्सपिअरचें 'ज्यूलियस सीझर' त्यांनीं स्वाहिलींत आणिलें. 'म्वालिमू' हा शब्द मूळचा अरबी, आपल्या 'तालीम' शब्दाच्याच धातूचा. यांतही आघात 'लि'वर, आणि आरंभीं 'एम्' नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या विद्यार्थ्याची वही मागवून घेतली, खोडलेल्या शब्दाखालीं टिंबें दिलीं, आणि शेजारीं आपली सही केली.