ट्रॅक्टरचें पॉवर स्टिअरिंग : निगा व दोषपरीक्षा

लाखनीच्या धानपट्ट्यांत चिखलणीचें काम आतां मोठ्या प्रमाणावर ट्रॅक्टरनें होतें. रोवणीचे दिवस मोजके. त्यांत यंत्र अडून बसलें तर पऱ्ह्यांचें वय उलटतें. पुढें त्याच ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून धान राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वरून न्यावें लागतें. तेथें स्टिअरिंगनें दगा दिल्यास प्रश्न पैशांचा न राहतां प्राणांचा होतो. म्हणून या भागाचा विचार आम्ही येथें करीत आहों.

रचना.— तेलाच्या दाबावर चालणारें स्टिअरिंग अमेरिकन इंजिनिअर फ्रान्सिस डेव्हिस यानें १९२६ सालीं मोटारीवर बसवून दाखविलें. विक्रीच्या मोटारींत तें क्रायस्लर कंपनीनें १९५१ सालीं आणलें. इंजिनावर चालणारा पंप तेल दाबानें पाठवितो; चक्र फिरवितांच झडप तें तेल सिलिंडरच्या एका बाजूस सोडते, व सिलिंडरचा दांडा चाकें वळवितो. अनेक ट्रॅक्टरांत चक्र व चाकें जोडणारा लोखंडी दांडा नसतोच. सारा भरंवसा तेलावर असतो. इंजिन बंद पडतांच चक्र फार जड होतें. यास्तव उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणें हा आत्मघात होय.

तेलाची परीक्षा.— ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करून इंजिन बंद करावें, झांकणाभोंवतालचा चिखल पुसावा व मग पातळी पाहावी. तेल दुधासारखें पांढुरकें दिसल्यास त्यांत पाणी शिरलें आहे. चिखलणीनंतर हें विशेष संभवतें. फेस असल्यास हवा शिरते आहे. काळें व करपट वासाचें असल्यास तें तापून बिघडलें आहे. अशा वेळीं नुसती भर घालून भागत नाहीं. पाणी शिरलेलें वा करपलेलें तेल बदलावेंच. नवें तेल पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचें असावें. ब्रेकचें तेल घातल्यास रबरी सीलें निकामी होतात.

दोष व उपाय.— (१) चक्र दोन्ही बाजूंस जड : प्रथम पुढील टायरांतील हवा व किंगपिनचें ग्रीस पाहावें, नंतर तेल व फिल्टर, पंपाकडे शेवटीं वळावें. (२) एकाच बाजूस जड : दोष बहुधा झडपेचा, तो मिस्त्रीकडे द्यावा. (३) पंपाचा कण्हल्यासारखा आवाज व चक्रास झटके : शोषनळीची क्लिप आवळावी. मग मागील चाकांस अटकण लावून पुढील आंस जॅकवर उचलावा, आणि मंद इंजिनावर चक्र सावकाश दोन्ही टोकांपर्यंत फिरवावें. बुडबुडे थांबेपर्यंत असें करावें व तेल कमी पडूं देऊं नये. (४) चक्र स्थिर धरूनही चाकें सरकतात : सिलिंडरचें आंतील सील गेलें असण्याचा संभव आहे, दुरुस्तीपूर्वीं ट्रॅक्टर रस्त्यावर नेऊं नये. (५) ट्रॉली भरल्यावर चक्र एकाएकीं हलकें : हें सुलक्षण नव्हे. मागील ओझ्यानें पुढील चाकें उचलूं लागलीं आहेत. भार कमी करावा.

सावधगिरी.— चक्र टोकास दाबून धरूं नये. तेल तापून पंप झिजतो. गळती हातानें कधींही चाचपूं नये, पुठ्ठा धरून पाहावी. दाबाची बारीक धार कातडींतून आंत शिरते. जखम सुईच्या टोंचणीएवढी दिसली तरी तत्काळ शल्यवैद्याकडे जावें. उशिरानें बोट, क्वचित् हातही, गमवावा लागतो.

रोवणीपूर्वीं एक व धानाची वाहतूक सुरू होण्यापूर्वीं एक, अशा दोन तपासण्या प्रत्येक शेतकरी बंधूनें वर्षास कराव्या. अर्ध्या तासाचें हें काम ऐन हंगामांतील खोळंबा टाळतें.