लग्नाचा वाढदिवस आणि अम्माऊसची वाट



लग्नाचा वाढदिवस म्हटला की हॉल, केक, दोनशे माणसांचे जेवण. काही जोडपी मात्र सकाळच्या मिस्सानंतर तुंगारेश्वरचा डोंगर चढतात आणि रात्री दोघेच बाहेर जेवतात. (नातेवाईक रुसतात, रुसू द्यावे.)

निघण्यापूर्वी त्यांनी लूक २४:१३-३५ वाचावे. यरुशलेम ते अम्माऊस सुमारे ११ किलोमीटर. दोघा शिष्यांपैकी एक क्लयपा. दुसऱ्याचे नाव लूक देत नाही. ती त्याची पत्नी असावी, असे काही अभ्यासक मानतात. दोघे खिन्न होते, तरी बोलत चालले होते. प्रभू येशू सोबत चालू लागला, पण ओळख दिली नाही. आधी विचारले, कशाबद्दल बोलता? त्यांची मोडलेली आशा ऐकून घेतली, मग शास्त्र उलगडले. भाकर मोडली ती त्यानंतर, घरी, मेजावर. तेव्हा कुठे त्यांचे डोळे उघडले.

दारू, कर्ज, माहेरचा झालेला अपमान हे घरात समोरासमोर बोलवत नाही. शेजारी चालताना नजर वाटेवर असते, शब्द सुटतात. जेवणाच्या टेबलावर हे विषय काढले तर जेवण तसेच राहते. म्हणून आधी चालावे. गुडघे दुखत असतील त्यांनी किनाऱ्यावरून चालावे. मोबाईल घरी ठेवावा.