पासपोर्टची मुदत आणि लॉकडाऊन : परिसर अभ्यासाचा एक तास



कागदपत्रांविषयी शिकवताना आपण आधार, रेशनकार्ड, जन्मदाखला इथवर येऊन थांबतो. आरोंद्यासारख्या गावात पासपोर्टही घ्यायला हवा. वर्गात विचारून बघा, कुणाचा काका बोटीवर, कुणाचे बाबा आखातात. अशा मुलांना पासपोर्ट म्हणजे बाबा चतुर्थीला येणार की नाही, एवढं सरळ कळतं.

सुरुवात गणिताने करा. मोठ्यांचा पासपोर्ट 10 वर्षांचा. मुलांचा 5 वर्षांचा किंवा 18 पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल ते. आता फळ्यावर लिहा : मुदत संपते 10 सप्टेंबर 2020. प्रवास कधीपर्यंत करता येईल? मुलं पटकन सप्टेंबर म्हणतील. पण बरेच देश 6 महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. म्हणजे 10 मार्चनंतर हा पासपोर्ट त्या देशांसाठी असून नसल्यासारखा! आणि 25 मार्चपासून देशभर लॉकडाऊन. पासपोर्ट सेवा केंद्रंही बंद झाली, ती मे महिन्यापासून टप्प्याटप्प्याने उघडली.

इथे एखादा हुशार मुलगा विचारेलच, "अर्ज तर ऑनलाइन असतो ना?" अर्ज ऑनलाइन, 1500 रुपये फी ऑनलाइन, वेळसुद्धा ऑनलाइन. पण फोटो, बोटांचे ठसे आणि मूळ कागद दाखवायला माणूस स्वतः केंद्रात लागतो. एसटी बंद, जाणार कसा?

मग नकाशा काढा. 2018 पासून देशातल्या कुठल्याही केंद्रात अर्ज करता येतो, आणि आपल्याला मुंबईपेक्षा पणजी कितीतरी जवळ. पण तेरेखोल नदीवरचा किरणपाणीचा पूल ओलांडला की गोवा, आणि राज्यांच्या हद्दी तर बंद. एरवी आपण बाजारहाटाला जातो तोच रस्ता. 'राज्याची सीमा' हा शब्द मुलांना यापेक्षा चांगला कसा समजावणार?

परदेशात असलेल्यांचं दुखणं वेगळं. संयुक्त अरब अमिरातीने 1 मार्च 2020 नंतर संपलेल्या व्हिसांना मुदतवाढ दिली. पण व्हिसा तो देश देतो, पासपोर्ट आपला देश. हा फरक मोठ्यांनाही नीट ठाऊक नसतो, म्हणून यावर जरा जास्त वेळ द्या. व्हिसाला सवलत मिळाली तरी पासपोर्ट आपल्या वकिलातीकडूनच नवा व्हायचा. अगदीच अडलं तर वकिलात 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' देते, पण ते फक्त एकदा भारतात परतण्यापुरतं. 7 मे 2020 ला 'वंदे भारत' विमानं सुरू झाल्यावर त्यावर घरी येता येत होतं. परत कामावर जायला मात्र नवा पासपोर्टच हवा, आणि नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानसेवा थेट 27 मार्च 2022 ला सुरू झाली.

गृहपाठ : घरातले पासपोर्ट मोठ्यांच्या हातून उघडून घ्यायचे, शेवटची तारीख वहीत लिहायची आणि त्यातून 6 महिने वजा करायचे. उत्तर जवळचं निघालं तर पालकहो, मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो. आणि हो, वहीत फक्त तारीख. पासपोर्ट नंबर नको, पानाचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका.