चोचीतला तुकडा : घर आवरायला सुरुवात कुठून करायची?

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय ९, श्लोक १ आणि २



अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतो आहे. श्रीकृष्ण हीच कथा उद्धवाला सांगतात. पैठणला सुरू होऊन १५७३ साली काशीत पूर्ण झालेलं 'एकनाथी भागवत' म्हणजे याच एकादश स्कंधावरची नाथ महाराजांची टीका. आजचा गुरू आहे कुरर नावाचा पक्षी.

गोष्ट दोन ओळींची आहे. कुरराच्या चोचीत मांसाचा तुकडा होता. ज्यांना काही मिळालं नव्हतं असे दांडगे पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याने तुकडा टाकला आणि त्याच क्षणी तो सुखी झाला. अवधूत म्हणतो, माणसाला जे जे अतिशय प्रिय, त्याचा संग्रहच त्याच्या दुःखाचं कारण होतो.

एक बारकावा बघा. कुरराने पंख टाकले नाहीत, उडणं सोडलं नाही. ज्याच्यामुळे मारामारी चालली होती तेवढंच टाकलं. म्हणून ही गोष्ट 'सगळं सोडून हिमालयात जा' असं सांगणारी नाही. आपल्या वन बीएचकेत राहणाऱ्यांच्या कामाची आहे.

किंमत फक्त योगाची दिसते

गीतेत 'योगक्षेम' हा शब्द दोनदा येतो, दुसऱ्या अध्यायात आणि नवव्या अध्यायात. आचार्य त्याचा अर्थ सांगतात : जे नाही ते मिळवणं म्हणजे योग, आणि मिळालेलं सांभाळणं म्हणजे क्षेम. ऑनलाइन काही मागवतो तेव्हा स्क्रीनवर दिसते ती योगाची किंमत. क्षेमाची किंमत कुठेच छापलेली नसते. जागा, धूळ पुसणं, सर्व्हिसिंग, कुठे ठेवलंय ते लक्षात ठेवणं, आणि शोधताना होणारी भांडणं. हे बिल रोज थोडंथोडं येतं, म्हणून जाणवत नाही.

ते एकदम जाणवतं घर बदलताना. मुंबई-पुण्यात आता गल्लीगल्लीत सोसायट्या पुनर्विकासाला जातायत. आमचीही गेली. दोन खोल्या-हॉल-किचनमधला तीस वर्षांचा संसार भाड्याच्या छोट्या घरात बसवायचा होता. माळ्यावरून मिक्सरचे रिकामे खोके, तीन मोडके पंखे, मुंज आणि लग्नांत आलेली न वापरलेली भांडी, असं सगळं खाली आलं. तेव्हा जे उपयोगी पडलं, ते आजच्या श्लोकांच्या उजेडात मांडतो.

सुरुवात कशी करायची

१. आधी नव्या जागेचं माप घ्या. कपाटं किती, माळा आहे का, पलंगाखाली स्टोरेज आहे का. 'काय टाकू?' या प्रश्नाला उत्तर सापडत नाही. 'या दोन कपाटांत काय ठेवू?' याला सापडतं. घर बदलायचं नसेल तरी एका कपाटाला हीच मर्यादा घाला.

२. आठवणी नसलेल्या वस्तूंपासून सुरुवात करा. मुदत संपलेली औषधं, कुठल्या मोबाइलचे ते माहीत नसलेले चार्जर, हॉटेलच्या पार्सलचे प्लास्टिकचे डबे, झाकण हरवलेल्या बाटल्या. फोटो आणि आजीच्या साड्या पहिल्या दिवशी उघडू नका. अख्खा रविवार एका अल्बममध्ये जातो!

३. एक ड्रॉवर, वीस मिनिटं, तीन पिशव्या : ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. 'बघू नंतर' ही चौथी पिशवी करायची नाही. आमच्या प्रोग्रामिंगमध्ये 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेला कोड वर्षानुवर्षं तसाच पडून असतो आणि नवीन माणूस त्याला हात लावायला घाबरतो. घरातला माळाही तसाच.

४. प्रत्येक पिशवीचा पत्ता ठरवा. कागद रद्दीवाल्याकडे, लोखंड-पितळ भंगारवाल्याकडे. जुने फोन, वायरी आणि बॅटऱ्या अधिकृत ई-कचरा संकलनात, फोनमधला डेटा पुसून. धड कपडे 'गूंज'सारख्या संस्थेला. बोहारणीला कपडे देऊन नवं पातेलं घेणार असाल तर हिशोब पुन्हा मांडा, कारण घरात एक वस्तू वाढलीच! दाराशी आठवडाभर पडून राहिलेली पिशवी हळूच परत कपाटात जाते, हेही लक्षात ठेवा.

५. कागदपत्रांची एकच फाइल करा. घराचा करारनामा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जन्मदाखले, शिक्षणाची प्रमाणपत्रं, विमा. ती हलवाहलवीत टेम्पोत चढवू नका, स्वतःजवळ ठेवा. आधार किंवा बँकेचा नंबर असलेले जुने कागद फाडून मगच रद्दीत.

दुसऱ्याच्या चोचीतला तुकडा

आता खरी अडचण. आपलं आवरणं सोपं, आईबाबांचं कठीण. आपण दोन व्हिडिओ बघतो, उत्साहात स्वयंपाकघरात शिरतो आणि म्हणतो, 'आई, हा हंडा कशाला ठेवलायस? नळाला चोवीस तास पाणी आहे.' आई गप्प होते. तिच्यासाठी तो हंडा म्हणजे पहाटे चारला उठून पाणी भरण्याची वर्षं आहेत.

श्लोक परत वाचा. पक्षी कुरराचा तुकडा हिसकावत होते तोवर दुःखच होतं. सुख झालं ते त्याने आपणहून टाकला तेव्हा. दुसऱ्याच्या चोचीतून ओढून घेतलं तर तो त्याग होत नाही, आपण फक्त त्या दांडग्या पक्ष्यांमध्ये सामील होतो.

म्हणून घरातल्या मोठ्यांच्या वस्तूंना त्यांच्या नकळत हात लावायचा नाही. जवळ बसायचं आणि विचारायचं, 'बाबा, हा रेडिओ कधी घेतला होता?' गोष्ट ऐकायची, हवं तर मोबाइलवर रेकॉर्ड करायची, फोटो काढायचा. मग विचारायचं, 'हे नव्या घरात न्यायचं का? कुणाला द्यायला आवडेल?' पुष्कळदा वस्तू सोडवत नाही याचं कारण वस्तू नसतंच. तिची गोष्ट कुणी ऐकून घेतलेली नसते. आणि त्यांनी 'न्यायचं' म्हटलं तर न्यायचं. त्या जागेसाठी आपली दोन खोकी कमी करायची.

टाकणं आणि देणं

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य माणसाला, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेलं ते सात्त्विक. मान न राखता, तुच्छतेने दिलेलं ते तामस. फाटका शर्ट आणि गळका कुकर घरकामाच्या मावशींच्या हातात कोंबणं म्हणजे दान नव्हे, आपला कचरा त्यांच्या घरी पोचवणं आहे. साधी कसोटी : हीच वस्तू मी सख्ख्या मित्राला धुऊन, इस्त्री करून देईन का? आणि आधी विचारा, 'ताई, हे तुम्हाला उपयोगी पडेल का?' त्यांनाही 'नको' म्हणता आलं पाहिजे.

देवघर सगळ्यात शेवटी घ्या. एकाच देवाच्या पाच तसबिरी, भेट आलेल्या मूर्ती, जीर्ण पोथ्या. पिंपळाखाली किंवा नदीकाठी नेऊन ठेवू नका. तिथे त्यांची होणारी अवस्था आपण रोज बघतोच. घरच्या गुरुजींना विचारून विसर्जनाचा विधी करा. तसबिरीची चौकट आणि काच वेगळी करा. जादाची चांगली पोथी ती खरंच वाचणाऱ्याला द्या.

याच नवव्या अध्यायात पुढे साप हा गुरू येतो. तो स्वतः घर बांधत नाही, दुसऱ्याने केलेल्या बिळात सुखाने राहतो. भाड्याने राहणाऱ्यांनो, आपल्यासाठीही शास्त्रात जागा आहे! :)

आजचा अभ्यास

आज झोपण्याआधी एकच वस्तू शोधा. जिचा योग होऊन वर्षं झाली, पण क्षेम अजून चालू आहे अशी, आणि फक्त तुमची स्वतःची. ती कुणाला द्यायची ते ठरवा आणि उद्या ऑफिसला जाताना सोबत घेऊन निघा. रिकाम्या झालेल्या जागेत लगेच काही ठेवू नका. चार दिवस ती तशीच राहू द्या, आणि येता-जाता तिच्याकडे बघून नाम घ्या.

उद्या : अध्याय ९, पुढचा गुरू, लहान मूल.

राम कृष्ण हरी!