तपासणी कर, पंचनामा नको

अगं, बाळाच्या बहिरेपणाची जनुकीय तपासणी करू या म्हटल्यावर तुझ्या सासरी सगळे गप्प झाले, याचं मला नवल नाही वाटलं. लखनौत राहून सांगते, मराठी घर काय नि अवधी घर काय, प्रश्न तेच. ग्रहणात काही चिरलं होतंस का? तुझ्या माहेरी कुणी असं होतं का? आणि नणंदेचं लग्न व्हायचंय, आत्ताच कशाला कागदावर आणायचं?

इथल्या संजय गांधी पीजीआयमध्ये जेनेटिक्सचा स्वतंत्र विभाग आहे. डॉ. शुभा फडके यांनी तो बरीच वर्षं सांभाळला. (परमुलखात आपल्याकडचं आडनाव दिसलं की उगीच धीर येतो.) अशा विभागात रक्त घेण्याआधी घराणं काढतात. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नात्यात लग्न असेल तर दोघांमध्ये दुहेरी रेघ. सासूबाई ठासून म्हणतात, ‘हमारे यहाँ तो कोई नहीं.’ मग कुठल्याशा चौकोनापाशी एखादे चुलत सासरे निघतात, ‘बस, जरा ऊँचा सुनते हैं.’

जन्मजात बहिरेपणात बऱ्याचदा कारण जनुकीय असतं, आणि अशा बहुतेक मुलांच्या आईबापांना नीट ऐकू येतं. आपल्याकडे वारंवार सापडतो तो जीजेबी-२ या जनुकातला दोष. त्याची एक प्रत तुझ्याकडून, एक नवऱ्याकडून. एकटी प्रत कुणाला जाणवतही नाही, दोन एकत्र आल्या की बाळाला ऐकू येत नाही. तेव्हा एकीच्याच माथी खापर फोडायला हा रिपोर्ट कामाचा नाही. पण हे समुपदेशकाला सासूबाईंसमोर बोलू दे. तू बोललीस तर ते उलट उत्तर ठरेल! प्रत्येक खेपेला शक्यता ४ पैकी १ असते, एकाला झालं म्हणून पुढची तिघं सुटली असं नाही, हेही त्यांच्याच तोंडून येऊ दे.

एक दोष मात्र आईकडूनच उतरतो, तो मायटोकॉन्ड्रियातला. तो असलेल्यांचे कान जेन्टामायसिनसारख्या इंजेक्शनांनी जाऊ शकतात. निघालाच, तर मान खाली घालू नकोस. तुझ्या बहिणीला फोन कर, तिच्या मुलांना ती इंजेक्शनं टाळता येतील. आणि बाळ कधी घाबरून किंवा पळताना बेशुद्ध पडलं तर ईसीजी काढायला सांग. बहिरेपणाच्या एका दुर्मीळ प्रकारात हृदयाची लयही बिघडते.

पुढच्या गर्भाची तपासणी करायची की नाही, ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. नणंदेच्या स्थळांचा विचार तिथे आणू नका.

रिपोर्टाला वेळ लागतो. श्रवणयंत्र मात्र त्यासाठी थांबवू नकोस, ते या आठवड्यातच बसवून घे.