पासवर्ड बरोबर होते, हॅश वेगळा होता

साइटच्या सभासदांचे पासवर्ड मायएसक्यूएलच्या एकाच टेबलमध्ये; पीएचपीच्या पानावर लॉगिन व्हायचं, अपाचीच्या बेसिक ऑथमध्ये मात्र नाही. सभासद पासवर्ड विसरतात, असं आधीच्या कंत्राटदाराचं ठाम म्हणणं. सगळे एकदमच कसे विसरले, या माझ्या प्रश्नाला उत्तर नाही. पीएचपीच्या पानावरून लॉगिन होतंय, म्हणजे डेटाबेस ठीक आहे. अपाची नाकारतंय, म्हणजे घोळ तुमच्याच सर्व्हरमध्ये, हे ऐकून कान किटले. वर सगळ्यांचे पासवर्ड रीसेट करून देण्याचं वेगळं कोटेशन!

एरर लॉग त्यांनी उघडूनही पाहिला नव्हता. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, 'पासवर्ड मिसमॅच'. युजर सापडत नाही, अशी तक्रार कुठेच नव्हती. म्हणजे अपाची मायएसक्यूएलपर्यंत पोचत होतं, नावही सापडत होतं. अडत होतं ते फक्त हॅशपाशी. मी अपाचीच्या एचटीपासवर्ड टूलने माझ्याच पासवर्डचा शा-१ हॅश काढला आणि टेबलमधल्या माझ्या नोंदीशेजारी ठेवला. टेबलमध्ये हेक्सची ४० अक्षरं. इकडे महिरपी कंसात 'शा', पुढे बेस-६४ ची २८ अक्षरं, शेवटी बरोबरचं चिन्ह. ते हेक्स उलगडून बेस-६४ मध्ये लिहिलं, तर अक्षर न् अक्षर जुळलं. तेच २० बाइट, लिहायची रीत तेवढी निराळी! कुणीच काही विसरलं नव्हतं. एका अपडेट क्वेरीत काम झालं, एकाही सभासदाला पासवर्ड बदलावा लागला नाही. आणि याच कामाचे हे लोक पैसे मागत होते.

तुमच्यावर ही वेळ आली तर आधी हॅशची लांबी मोजा आणि सुरुवात बघा. ४१ अक्षरं आणि सुरुवातीला फुली असेल, तर तो मायएसक्यूएलच्या 'पासवर्ड' फंक्शनचा हॅश आहे. त्यात शा-१ दोनदा लावलेला असतो, त्यामुळे अपाचीसाठी तो बदलून घेता येत नाही; तिथे रीसेट अटळ. हे फंक्शन स्वतःच्या अॅप्लिकेशनमध्ये वापरू नका, असं मायएसक्यूएलचं मॅन्युअलच सांगत होतं. ८.० मध्ये ते काढूनच टाकलं, तरी जुन्या टेबलांत ते हॅश अजून पडून आहेत.

शा-१ वरही थांबू नका, त्यात सॉल्ट नसतो. पीएचपी आणि अपाची २.४ दोघांनाही बीक्रिप्ट कळतं. सभासद पीएचपीच्या पानावरून लॉगिन करेल तेव्हा त्याचा हॅश बदलून घ्या. बीक्रिप्टला ६० अक्षरं लागतात. कॉलम ५० चा असेल आणि स्ट्रिक्ट मोड बंद असेल, तर शेपूट कापलं जातं आणि लॉगिन बंद पडतं. कॉलम सरळ २५५ चा ठेवा. बेसिक ऑथमध्ये प्रत्येक चित्रासाठी, प्रत्येक फाइलसाठी हॅश पुन्हा तपासला जातो. बीक्रिप्टची कॉस्ट चढवली की साइट रांगायला लागते, तेव्हा ऑथेंटिकेशनचा कॅश चालू करा.

बॅकअप घ्या, हे सांगायला नकोच. काम ताब्यात घेताना हॅश कोणता, सॉल्ट कुठे, एन्कोडिंग कोणतं, हे लेखी मागा. आमच्याकडे चालतंय, असं कुणी म्हणालं तर त्याला लॉगमधली ओळ दाखवायला सांगा, आणि ती दिसेपर्यंत रीसेटच्या कोटेशनवर सही करू नका.